बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा
(ट्रॅक्टरच्या चार्जिंगमधील दोष कसे ओळखावेत)



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणे, लागण, खोडवा, हुमणी यावर लिहावे. बॅटरीवर त्याने काय लिहायचे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण ऊस शेतात कितीही जोमदार पिकवला, तरी तो फडातून गव्हाणीपर्यंत वेळेत पोचला तरच त्याचे दाम होते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, हे आम्ही दरसाल सांगतो. उशीर झाला की उसातले पाणी उडून वजन घटते, आणि उसातली साखर फुटून तिची ग्लुकोज-फ्रुक्टोज होऊ लागते. ती काही पोत्यात भरता येत नाही. म्हणजे सभासदाचे वजन गेले आणि कारखान्याचा उतारा गेला. या वेळापत्रकात ट्रॅक्टर अडला की सगळेच अडते, आणि ट्रॅक्टर अडण्याच्या कारणांत टायरच्या खालोखाल आम्हाला दिसते ती बॅटरी.

गेल्या हंगामातली एक रात्र सांगतो. अकराचा सुमार होता. आमची जीप गट कार्यालयाकडून कारखान्यावर येत होती. वळणावर अगदी जवळ गेल्यावर कळले, की समोर उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या आहेत. पुढे दिवा नाही, मागे दिवा नाही. आमच्या पुढची एक मोटारसायकल शेवटच्या क्षणी बाजूला निघाली म्हणून निभावले. त्या मोटारसायकलवर नवरा, बायको आणि मधे लहान मूल होते. ट्रॅक्टर आमच्या एका वडीलधाऱ्या सभासदांचा. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. आबा रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेले. आम्ही उतरलो तसे म्हणाले, "सायेब, वर्सात दोन बॅटऱ्या घातल्या. आता तिसरी कुठनं घालू?"

त्या रात्री आम्ही मागे झाडाच्या फांद्या टाकल्या, जीपचे दिवे लावून उभे राहिलो आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ट्रॉल्या ओढून आणल्या. दुसऱ्या दिवशी मीटर घेऊन आबांच्या वस्तीवर गेलो. तिथे काय सापडले ते शेवटी सांगू. आधी तपासणीची रीत समजून घेऊ. ती अवघड नाही. मोटारीला, जीपला, पिकअपलाही हीच रीत लागू पडते.

१. हौद, मोटर, पाइप आणि उपसा

आपल्याला विहीर आणि हौद चांगले समजतात, म्हणून त्याच भाषेत सांगतो. बॅटरी हा हौद. इंजिन सुरू करताना स्टार्टर त्यातून एकदम मोठा उपसा करतो. इंजिन सुरू झाले की पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर ही मोटर झाली. ती हौद परत भरते आणि दिवे वगैरे चालवते. अल्टरनेटरमधला रेग्युलेटर हा व्हॉल्व्ह. तो हौद भरून सांडू देत नाही. वायरी, लग आणि बॉडी अर्थ हे पाइप.

आता हौद सकाळी रिकामा सापडला तर कारणे चारच असू शकतात :

(अ) हौदच फुटका आहे, म्हणजे बॅटरी आतून खराब आहे.
(ब) मोटर पाणी देत नाही, म्हणजे अल्टरनेटर, पट्टा किंवा रेग्युलेटर बिघडला आहे.
(क) पाइप तुंबला आहे किंवा गळतो आहे, म्हणजे वायर, लग, अर्थ सैल आहे, किंवा कुठून तरी करंट झिरपतो आहे.
(ड) आवकेपेक्षा उपसा जास्त आहे.

आपली चूक अशी होते, की ट्रॅक्टर सुरू झाला नाही की आपण सरळ (अ) धरून चालतो आणि दुकानात जाऊन नवी बॅटरी आणतो. नवी बॅटरी भरलेली असते, म्हणून आठ-पंधरा दिवस ट्रॅक्टर झकास सुरू होतो. दोष (ब), (क) किंवा (ड) मध्ये असेल तर तीही बसते. मग "हल्लीचा मालच खोटा" म्हणून आपण मोकळे होतो. सततच्या अर्धपोटी चार्जिंगने नवी बॅटरीसुद्धा खरोखरच खराब होते, कारण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि तो पुढे निघत नाही.

२. साहित्य

एक साधा डिजिटल मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर, पाने, काचकागद, खाण्याचा सोडा आणि थोडे व्हॅसलीन. एवढ्या साहित्याला नव्या बॅटरीच्या तुलनेने फारच थोडा खर्च येतो. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून घेतले तरी चालेल. मीटरचा खटका डीसी व्होल्टच्या वीसच्या घरावर ठेवावा. लाल टोक प्लसला, काळे मायनसला.

काम करताना विडी-सिगारेट बंद. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो; त्याला ठिणगी मिळाली तर बॅटरी फुटून आम्ल तोंडावर उडते. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी. आम्ल अंगावर वा डोळ्यात उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे आणि डोळ्याच्या बाबतीत लगेच डॉक्टरकडे जावे.

३. मीटरआधी डोळे आणि हात

निम्मे दोष मीटर न लावताच सापडतात.

लग पाहा. हिरवट-पांढरा फुलोरा आला आहे का? लग हाताने फिरतो का? हाताने फिरणारा लग हा सैलच समजावा. आधी मायनस सोडावा, मग प्लस. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून फुलोरा धुवावा. पाणी बॅटरीच्या भोकात जाऊ देऊ नये. काचकागदाने चकचकीत करून घट्ट बसवावे, वरून व्हॅसलीन लावावे. जोडताना आधी प्लस, शेवटी मायनस. ही क्रमवारी पाठच करावी. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला लागला तर मोठी ठिणगी उडते. मायनस आधी सोडला तर ती भीती राहत नाही.

पट्टा पाहा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण दहा ते बारा मिलिमीटर दबावा. पट्ट्याच्या आतल्या कडा काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरतो आहे. दिवे लावले की किंचाळणारा पट्टा हेच ओरडून सांगत असतो. फार ताणलेला पट्टाही बरा नव्हे, त्याने अल्टरनेटरचे बेअरिंग जाते.

पाणी पाहा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाणी प्लेटांच्या वर दहा-पंधरा मिलिमीटर असावे. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, पाटाचे, बोअरचे पाणी नको. त्यातले क्षार प्लेटा खातात. आणि "जोर यावा" म्हणून वरून आम्ल तर मुळीच घालू नये. पाणी उडते, आम्ल तिथेच राहते.

चार्जिंगचा लाल दिवा पाहा. हा दिवा पुष्कळ बोलतो, आपण ऐकत नाही.

• चावी दिली, इंजिन बंद : दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर दिवा उडाला आहे, वायर तुटली आहे किंवा अल्टरनेटरमधले कार्बन टेकत नाहीत. पुष्कळ ट्रॅक्टरांत याच दिव्यातून अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो. म्हणजे क्षुल्लक दिवा उडाला तरी चार्जिंग बंद पडू शकते.
• इंजिन सुरू, दिवा पेटलेलाच : चार्जिंग होत नाही. आधी पट्टा, मग पुढच्या चाचण्या.
• इंजिन सुरू, दिवा मंद मिणमिणतो : डायोड किंवा जोडणीत दोष असण्याचा संभव.
• चावी काढली तरी दिवा मिणमिणतो : डायोड गेला असण्याची दाट शंका.

४. मीटरच्या सहा चाचण्या

पहिली चाचणी : विसावलेली बॅटरी.
रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवर सकाळी, चावी लावण्याआधी, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मीटर लावावा. नुकताच चालून आलेल्या ट्रॅक्टरवर आकडा फसवा मिळतो, कारण वरवरचा चार्ज असतो. घाई असेल तर दोन मिनिटे हेडलाइट लावून बंद करावेत आणि थोडे थांबून मोजावे.

१२.६ व्होल्ट वा थोडे अधिक : भरलेली
१२.४ : पाऊण
१२.२ : निम्मी
१२.० : पाव
११.८ वा कमी : रिकामी

पाहा, भरलेली आणि रिकामी यांत जेमतेम पाऊण-एक व्होल्टचा फरक आहे. "मीटर बारा दाखवतो, म्हणजे बॅटरी चांगली" हे म्हणणे चूक आहे. बारा म्हणजे पाव हौद.

झाकणे उघडत असतील तर हायड्रोमीटरने सहाही घरांची ग्रॅव्हिटी पाहावी. बनावटीनुसार भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी १.२५० ते १.२८० असते, १.१९० च्या आसपास ती निम्मी आणि १.१२० ला रिकामी. नुकतेच पाणी घातले असेल तर लगेच मोजू नये. सगळी घरे सारखीच कमी असतील तर बॅटरी फक्त उतरलेली आहे, चार्ज करावी. पाच घरे १.२४० आणि एक घर १.१६०, असा पन्नास अंशांहून अधिक फरक चार्ज केल्यावरही राहिला तर ते घर गेले. तेव्हाच "हौद फुटका" म्हणावे.

दुसरी चाचणी : सेल्फ मारताना.
ही चाचणी भरलेल्या बॅटरीवरच करावी, नाहीतर निष्कर्ष चुकतो. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, ब्रेक लावलेला. इंजिन बंद करायची दांडी ओढून धरावी म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि पाच-दहा सेकंद सेल्फ मारावा. एकाने सीटवर बसावे, दुसऱ्याने मीटर पाहावा. व्होल्टेज दहाच्या आसपास टिकले तर बॅटरीत जोर आहे. साडेनऊच्या खाली घसरले तर बॅटरी आतून कमजोर, किंवा स्टार्टर जाम होऊन जास्त करंट ओढतो आहे. उलट सेल्फ नुसता टक् करतो आणि मीटर मात्र साडेबाराच्या आसपास स्थिर, तर बॅटरीचा दोष नाही. करंट पुढे जातच नाही. जाड केबल, अर्थ, सोलेनॉइड किंवा स्टार्टर पाहावा.

तिसरी चाचणी : इंजिन सुरू असताना.
दिवे बंद, इंजिन मध्यम गतीवर. बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यावेत. १३.२ च्या खाली राहिले तर चार्जिंग पुरेसे नाही. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला. बॅटरी उकळते, पाणी वारंवार कमी होते, दिवे फटाफट उडतात. ज्यांना दर आठवड्याला पाणी घालावे लागते त्यांनी बॅटरीला दोष न देता आधी ही चाचणी करावी. खूप उतरलेल्या बॅटरीवर सुरुवातीला आकडा कमी दिसतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटे चालवून पुन्हा पाहावा. अलीकडच्या काही मोटारींत संगणक चार्जिंग कमीजास्त करतो. तिथे एका आकड्यावरून घाईने निकाल देऊ नये.

चौथी चाचणी : भार टाकून.
आता सगळे दिवे लावावेत. आकडा थोडा खाली येईल, पण मध्यम गतीवर साडेतेराच्या आसपास टिकावा. तो बाराच्या घरात उतरला तर पट्टा घसरतो आहे किंवा अल्टरनेटर पुरा पडत नाही. याच वेळी मीटर एसी व्होल्टवर घेऊन बॅटरीवर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसले तर अल्टरनेटरमधला डायोड गेल्याची शंका घ्यावी. अल्टरनेटर आतून एसी वीजच तयार करतो. डायोड तिला डीसी करतात. एक डायोड गेला तर अल्टरनेटर लंगडतो.

पाचवी चाचणी : पाइपातला अडथळा.
ही चाचणी बहुतेक जण करत नाहीत, आणि चोर पुष्कळदा इथेच लपलेला असतो. इंजिन मध्यम गतीवर, दिवे लावलेले. मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टवर, दुसरे बॅटरीच्या प्लसच्या खुंटावर लावावे. खुंटावर म्हणतो, लगावर नव्हे. आकडा ०.३ व्होल्टच्या आत हवा. मग एक टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर आणि दुसरे बॅटरीच्या मायनस खुंटावर. हा आकडा ०.२ च्या आत हवा. जास्त आला तर तेवढे व्होल्ट वाटेतच मरतात. एकेक सांधा पुढे सरकत मोजत गेले की नेमका कुजका सांधा सापडतो.

सहावी चाचणी : रात्रीची गळती.
सगळे बंद करून, चावी काढून, मायनस लग सोडावा. मीटर दहा अँपिअरवर घ्यावा, लाल टोकही त्याच्या ठरल्या भोकात घालावे, आणि मीटर मायनस खुंट व सुटलेला लग यांच्या मधे धरावा. या वेळी सेल्फ मारू नये, मीटरचा फ्यूज उडेल. साध्या ट्रॅक्टरवर आकडा जवळजवळ शून्य यावा. मोटारीत घड्याळ, संगणक यांमुळे ०.०५ अँपिअरपर्यंत चालतो. समजा अर्धा अँपिअर आला. अर्धा गुणिले चोवीस म्हणजे दिवसाला १२ अँपिअर-तास. ८८ अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्यात रिकामी! मग एकेक फ्यूज काढून पाहावे. कोणता काढल्यावर आकडा पडतो, तिथे गळती. सगळे फ्यूज काढूनही आकडा राहिला तर बॅटरीचा लग सुटा ठेवून अल्टरनेटरची जाड वायर काढावी व पुन्हा मोजावे. आता शून्य आले तर डायोडमधून करंट उलटा जातो आहे. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला तर तेही याचेच लक्षण.

५. अल्टरनेटर उतरवण्याआधी

तिसऱ्या चाचणीत चार्जिंग नाही, पट्टा ठीक, वायरी ठीक, तरी एक युक्ती करावी. चावी द्यावी पण इंजिन सुरू करू नये, आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ न्यावे. लोहचुंबकासारखी ओढ लागली तर आतल्या रोटरला करंट मिळतो आहे. मग दोष डायोड किंवा स्टेटरमध्ये शोधावा. ओढ मुळीच नसेल तर कार्बन झिजले आहेत, रेग्युलेटर गेला आहे किंवा लाल दिव्याची वायर तुटली आहे. कार्बन ही स्वस्त वस्तू आहे. तेवढे बदलून काम भागत असताना संपूर्ण अल्टरनेटर बदलायला लावणारे लोक भेटतात. आपण लक्षणे नीट सांगितली तर मिस्त्रीही नीट काम करतो.

ज्यांच्या जुन्या ट्रॅक्टरवर अजून डायनामो आणि कटआउट आहे त्यांनी लक्षात ठेवावे, की डायनामो संथ गतीवर जवळजवळ चार्ज करत नाही. त्याची चाचणी गती वाढवूनच घ्यावी.

६. उपशाचा हिशेब

आता (ड) कडे येऊ. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, हा एवढाच हिशेब. पुढचे दोन दिवे प्रत्येकी ५५ वॅट, मागचा कामाचा दिवा ५५ वॅट, टेप वगैरे १५ वॅट. एकूण १८० वॅट. भागिले १२, म्हणजे १५ अँपिअर. इंजिन बंद ठेवून काट्यासमोरच्या रांगेत चार तास हे सगळे चालू राहिले तर १५ गुणिले ४, म्हणजे ६० अँपिअर-तास गेले. ८८ च्या हौदातले दोन तृतीयांशाहून जास्त पाणी उपसले!

पुष्कळांना वाटते, रांगेत वारंवार सेल्फ मारल्याने बॅटरी बसते. तोही हिशेब करू. स्टार्टरने २५० अँपिअर ओढले, पाच सेकंद. ते एक अँपिअर-तासाच्याही आत, सुमारे ०.३५ भरते. दहा वेळा मारला तरी साडेतीन. म्हणजे बॅटरी सेल्फने मरत नाही, गाण्याने आणि दिव्याने मरते. आणि ६० अँपिअर-तास परत भरायला १५ अँपिअरने निदान चार तास, खरे तर त्याहून जास्त लागतात. रांगेतून घरापर्यंतच्या अर्ध्या तासात ते कसे भरणार?

तरी एक सांगतो. रस्त्यावर असताना दिवे कधीही वाचवू नयेत. वाचवायचे ते वाहनतळावरच्या रांगेत. पुढचे मोठे दिवे व टेप तिथे बंद ठेवावा. ट्रॉलीच्या मागचे दिवे एलईडीचे केले तर उपसा फारच कमी होतो. आणि ट्रॉलीला मागे परावर्तक पट्ट्या असल्याच पाहिजेत, कारण बॅटरी मेली तरी पट्टी मरत नाही.

७. आबांच्या ट्रॅक्टरवर काय सापडले

सकाळी विसावलेली बॅटरी ११.९. मध्यम गतीवर बॅटरीवर १३.२. आबा म्हणाले, "बगा, बॅटरी घेतच न्हाई." आम्ही मीटर अल्टरनेटरवरच लावला, तर तिथे १४.३! मोटर पाणी देत होती, हौदात पोचत नव्हते. पाचवी चाचणी केली. प्लसकडे ०.२, ठीक. मायनसकडे ०.९! वर्षापूर्वी क्लचचे काम झाले, तेव्हा बॉडीला रंग मारला होता आणि अर्थची पट्टी त्या रंगावरच आवळली होती. तो बोल्ट बोटाने फिरत होता. रंग खरवडला, लोखंड उघडे केले, बोल्ट आवळला. मायनसकडचा आकडा ०.१ झाला आणि बॅटरीवर १४.० आले.

सहाव्या चाचणीत आणखी एक चोर सापडला. टेपचा ॲम्प्लिफायर चावीवरून न घेता थेट बॅटरीवर जोडला होता. बंद असतानाही तो ०.३ अँपिअर खात होता, म्हणजे दिवसाला सात अँपिअर-तासांच्या वर. ती जोडणी चावीवर घेतली. बॅटरी बाहेरून सावकाश चार्ज केली. सहाही घरे सारखी भरली. बॅटरी निर्दोष होती. आधीच्या दोन्हींचा जीवही असाच गेला असला पाहिजे.

एक कबुली इथेच देतो. आदल्या वर्षी आबांनी आम्हाला गट कार्यालयात बॅटरीबद्दल विचारले होते, आणि आम्हीही न तपासता "जुनी झाली असेल, बदलून टाका" असे सांगून मोकळे झालो होतो. त्या रात्रीच्या मोटारसायकलवरचे मूल आठवले की आमचे ते वाक्य आम्हालाच टोचते. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

८. हे कदापि करू नये

• चालू इंजिनवर बॅटरीचा लग सोडून "चार्जिंग आहे का" पाहू नये. डायनामोच्या काळातली ही सवय अल्टरनेटरचे डायोड जाळते.
• प्लस-मायनस उलटे जोडू नये. डायोड क्षणात जातात.
• ट्रॅक्टरवर किंवा जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करण्याआधी बॅटरी सोडावी, अल्टरनेटरच्या वायरीही काढाव्यात. हंगामात हूक तुटला की आपण घाईत हे विसरतो.
• खाली उभे राहून स्टार्टरच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर सुरू करू नये. गिअरमध्ये असेल तर ट्रॅक्टर उडी घेतो आणि मोठे चाक माणसावरून जाते. अशा रीतीने माणसे गेली आहेत. सेल्फ सीटवर बसूनच मारावा.
• २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टचा ट्रॅक्टर सुरू करू नये.
• दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून सुरू करताना आधी प्लसला प्लस जोडावे. मग काळ्या वायरीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. काढताना उलट क्रम.

९. हंगामाआधी आणि हंगामानंतर

खंडेनवमीला आपण ट्रॅक्टर धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. त्याच दिवशी या सहा चाचण्या कराव्यात आणि आकडे तारखेसह वहीत लिहावेत. पुढच्या वर्षी तेच आकडे ताडून पाहिले की दोष अंगावर येण्याआधी कळतो. मोळी टाकल्यावर दुरुस्तीला वेळ कुणालाच नसतो.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर फार दिवस उभा राहणार असेल तर मायनस सोडून ठेवावा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. बाहेरून चार्ज करताना क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याचा करंट ठेवावा. ८८ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साधारण नऊ अँपिअर. रिकामी बॅटरी तशीच कोपऱ्यात ठेवली तर पुढच्या हंगामाला ती उठत नाही.

प्रत्येक गट कार्यालयात एक मीटर व एक हायड्रोमीटर ठेवला आहे. सभासदांनी सकाळच्या वेळी, ट्रॅक्टर सुरू न करता, आम्हाला वस्तीवर बोलवावे. आमचे ऊस सहाय्यक पहिल्या वेळी चाचण्या करून दाखवतील. दुसऱ्या वेळी आपण आपल्या हाताने कराव्यात. नवी बॅटरी घ्यायचीच झाली तर घ्यावी, पण आकडा पाहून घ्यावी.

आबांची तीच बॅटरी हंगाम संपेपर्यंत चालली. शेवटची खेप टाकून काट्यावर आले तेव्हा म्हणाले, "सायेब, आता गाणं कमी आन् उजेड जास्त."

कळावे,
ऊस विकास अधिकारी